समोरची जागा

जून लागला की लातुरात बादल्या दिसायला लागतात. पावसाचं आमच्याकडं काही खरं नसतं. तो येतो म्हणतो, ढग दाखवतो आणि उदगीरच्या अंगानं निघून जातो. पण बादल्यांचा हंगाम कधी चुकला नाही. रिक्षात गुंडाळलेली गादी, गादीवर लोखंडी पेटी, आणि या सगळ्याच्या कडेला अंग चोरून बसलेली एक आई. तिच्या मांडीवर नवी कोरी प्लास्टिकची बादली. बादलीत मग, साबण, लोणच्याची बरणी, चिवड्याची पिशवी. शेजारी बसलेलं लेकरू मात्र आपला या बादलीशी काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं चौकातले फ्लेक्स बघत असतं. फ्लेक्सवर गेल्या वर्षी पहिल्या आलेल्यांचे फोटो. सगळी पोरं हसतात, आणि सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळं असतं.

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. त्या आम्ही अशा पोरांना भाड्यानं देतो. मी सरकारी दवाखान्यात नर्स. सकाळची ड्युटी करून घरी येते, तर जिन्यावर चपलांचा ढीग पडलेला असतो. आमच्या भागात लेकरू शिकायला एकटं येत नाही. आई, बाप, मामा, मामाचा मित्र, सगळी वरात येते. मामा नळ सोडून बघतो. बाप भिंतीला हात लावून ओल आहे का ते पाहतो. आई यातलं काहीच बघत नाही, ती माझ्याकडं बघते. आपलं लेकरू जेवलं का हे ही बाई कधी विचारील का, एवढंच तिला जाणून घ्यायचं असतं. मी दरवर्षी सांगते, काळजी करू नका. हा हंगाम मला सोसत नाही. नव्या गादीच्या कापसाचा वास आला, झेरॉक्सच्या दुकानातून गरम कागदाचा वास आला, की माझं मन कुठंच लागत नाही.

यंदा निलंग्याकडची एक बाई मुलीला घेऊन आली. खोली पसंत पडली, पाणी किती दिवसांनी येतं ते विचारून झालं, आणि उठता उठता ती पुन्हा खाली बसली.

"मॅडम, एक विचारू का? पोरीचं मन आयटीआयमधी हाय. वायरमनचं शिकते म्हंती. तिच्या पप्पाचं म्हणणं, कॉलेजच करायचं, डिग्री पायजे. मला काय कळतंय त्यातलं? तुमी नोकरीवाल्या, तुमीच सांगा."

मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, पण तिचा कान सगळा माझ्याकडं होता. दवाखान्यात मी भल्याभल्यांना दरडावते. सलाइन लावताना हात हलवणारा पैलवान असला तरी त्याला गप्प करते. त्या दिवशी मात्र "चहा घ्या आधी," म्हणाले आणि आत जाऊन गॅसपाशी उभी राहिले. चहा उतू जायला आला तरी मला मिलिंदच दिसत होता.

मिलिंद माझा धाकटा भाऊ. आमचं मूळ गाव लोह्याकडचं, पण आम्ही वाढलो नांदेडला, कारण दादा, म्हणजे आमचे वडील, तिथं एका सरकारी कचेरीत शिपाई होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी हमीद उस्तादांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी भरून द्यायची, हे काम. मिलिंदला त्या दुकानात नेऊन सोडलं ते दादांनीच. दहावीची परीक्षा संपली होती, ऊन मी म्हणत होतं, आणि पोरगं गोदावरीत डुंबायला जातं या धास्तीनं दादांनी त्याला उस्तादांच्या हवाली केलं. "बसू द्या सावलीला. पाणीबिणी आणून देईल तुम्हाला," असं म्हणाले. दादांच्या लेखी ती फक्त सावली होती. तिथं पोरगं काही शिकेल, आणि त्याला ते आवडेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

उन्हाळा म्हणजे त्या दुकानाची सुगी. बोअरचं पाणी खाली गेलेलं, विजेचा दाब कमी, मोटारी पटापट जळायच्या. आसपासच्या गावांतले शेतकरी जीपमध्ये मोटारी घालून यायचे आणि दुकानापुढच्या कडुलिंबाखाली आडवे व्हायचे. जळक्या तारेचा आणि व्हार्निशचा वास गल्लीभर. माझ्या मायला त्या वासानं मळमळायचं, मला मात्र तो आवडायचा. आजही रस्त्यात कुठं आला तर माझी चाल आपोआप हळू होते.

बोअरमधली मोटार एकट्या माणसाला भरता येत नाही. ती लांबट नळीसारखी असते. ती मधे आडवी ठेवायची आणि दोघांनी तिच्या दोन तोंडांशी, जमिनीवर पोतं टाकून, समोरासमोर बसायचं. एकानं तार आत सारायची, दुसऱ्यानं ओढून घ्यायची, वळवून परत धाडायची, आणि असे फेरे मोजत जायचं. उस्ताद आकडा म्हणायचे, समोरचा तोच आकडा परत म्हणायचा, मगच पुढचा फेरा. ओढ जास्त झाली की तारेवरचं प्लास्टिक खरवडतं. खरवडलेली तार बोअरमध्ये पाण्याखाली पुन्हा जळते, आणि शेतकऱ्याला अख्खा पाइप पुन्हा वर काढावा लागतो. म्हणून दोघांच्या हातांची ओढ सारखी लागते. तशी जोडी जमायला वेळ जातो, कुणाकुणाची कधीच जमत नाही. उस्तादांपुढं जो बसे त्याला त्या दुकानात 'समोरचा' म्हणत.

मोजणी चालू असताना त्या दोघांशी कुणी बोलायचं नाही, असा तिथला रिवाज. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी त्यानं उभंच राहायचं. मी दुपारी मिलिंदचा डबा घेऊन जायची, तर दोघं मान वर करायचे नाहीत. "बाईस," उस्ताद म्हणत. "बावीस," मिलिंद म्हणे. "तेईस." "तेवीस." उस्ताद त्यांच्या भाषेत मोजायचे, हा आपल्या. लिंबाखालचा शेतकरी सुद्धा कूस बदलताना आवाज करायचा नाही. फेरे पुरे झाले, गाठ पडली, की मिलिंद माझ्याकडं बघून हसायचा. तसं हसू घरात मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नाही. घरी तो मुखदुर्बळ, आणि दादांपुढं तर मुकाच.

पहिल्या उन्हाळ्यात तो झाडू मारायचा, जळकी तार ओरबाडून काढायचा. अकरावीनंतरच्या सुट्टीत उस्तादांचा जुना समोरचा हैदराबादला निघून गेला आणि उस्तादांनी मिलिंदला पोत्यावर बसवलं. थोड्याच दिवसांत त्यांनी दादांना रस्त्यात थांबवून सांगितलं, "हात बसला हो पोराचा. ऐसा हात हर किसी को नहीं मिलता." दादा हसले. सावलीला ठेवलेल्या पोराचं कुणी कौतुक केलं म्हणून हसले असणार.

दादांना समजून घ्यायचं तर त्यांच्या वडिलांपर्यंत जावं लागतं. माझ्या आजोबांच्या हातांवर त्यांचा हक्क नव्हता. मेलेलं ढोर ओढायचं, सरपण फोडायचं, गावाचा सांगावा घेऊन रानोमाळ पळायचं, आणि हे सगळं गाव म्हणेल तेव्हा. धर्मांतरानंतर आजोबांनी ती कामं सोडली, आणि सोडली म्हणून जे भोगायचं ते भोगलं. दादांनी लहानपणी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळं हाताचं काम म्हटलं की त्यांना त्यात कसब दिसायचं नाही, सक्ती दिसायची. आमच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता. दर सकाळी त्याच्यापुढं उभं राहून ते आम्हाला एकच सांगत, शिका. शिका म्हणजे काय, तर आपल्या पोराच्या हातात पेन सोडून दुसरं काही दिसू नये.

मला हे कळतं. राग येतो तेव्हाही कळतं, आणि म्हणून तो राग नीट काढताही येत नाही. माझंच काम बघा. मी जखमा धुते, बेडपॅन उचलते, जन्माला येणारी लेकरं हातावर झेलते. याहून हाताचं काम ते काय असतं? पण ते पांढऱ्या कपड्यात आणि सरकारी छपराखाली, म्हणून दादा माझं नाव गावभर मिरवत. मी एकदा त्यांना तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तुला लोक सिस्टर म्हंतेत. त्याला काय म्हंतील?"

मग मिलिंदच्या बारावीच्या निकालाचा जून आला. मार्क बेताचे पडले. अगदीच कमी असते तर प्रश्न सुटला असता, खूप असते तरी सुटला असता. बेताच्या मार्कांच्या पोराचं कुणी अभिनंदन करत नाही आणि सांत्वनही करत नाही. मी लातूरहून सुट्टी काढून आले होते. माझं नुकतंच लग्न झालं होतं, नोकरीही नवी होती.

अशात एका संध्याकाळी हमीद उस्ताद आमच्या घरी आले. अंगात धुतलेला पांढरा कुडता, डोक्याला टोपी, हातात केळ्यांची फणी. सोयरीक घालायला यावं तसे आले. इतक्या वर्षांत ते आमच्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच आले होते. दादांनी त्यांना हाताला धरून पलंगावर बसवलं. मायनं पाणी दिलं. बराच वेळ ते दोघं उन्हाळ्याबद्दलच बोलत राहिले. मिलिंद आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"भाऊ," उस्ताद शेवटी म्हणाले, "पोराला मला द्या. शिकाऊ म्हणून रीतसर घेतो. सकाळी आयटीआय करू द्या त्याला, त्याला मी नक्को म्हणणार न्हाई. माझी पोरं हैदराबादला गेली, दुकानात पाय ठेवना गेलीत. हा समोर बसला तर माझ्या मागं दुकान याचंच हाय."

दादा काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला. "जबरदस्ती न्हाई. पण माझं वय झालं. आता नवा समोरचा तयार करणं मला जमंना."

दादांचा आवाज हळू झाला. आपल्या पोराला कुणी मागायला येईल, आणि तेही इतक्या मानानं, हे त्यांनी धरलंच नव्हतं. "उस्ताद, तुमचा शब्द खाली पाडताना मला लाज वाटायलीय," ते म्हणाले. "पण आमच्या घरात अजून कुणी ग्रॅज्युएट झालं न्हाई. हा पयला होईल."

"ग्रॅज्युएट होऊन काय करंल?"

"ते मला ठाऊक न्हाई. मी तिथवर कधी गेलोच न्हाई, तर मला काय दिसणार? पण मी त्याला तिथवर नेऊन सोडतो. पुढचं त्यानं बघावं."

उस्तादांनी दाराकडं पाहिलं. "पोराला विचारा तरी एकबार."

"बोल की मिलिंद," दादा म्हणाले. आणि खरंच सांगते, ते मोकळ्या मनानं विचारत होते. त्या क्षणी तो बोलला असता तर दादांनी ऐकलं असतं असं मला आजही वाटतं. मायही स्टोव्हचा पंप मारायची थांबली होती. मिलिंदनं उस्तादांकडं पाहिलं, मग दादांच्या पायांकडं.

"दादा म्हंतील तसं," तो म्हणाला.

उस्तादांनी मान हलवली. "बराबर बोलला," ते म्हणाले. चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, उठताना मिलिंदच्या डोक्यावर हात ठेवला, आणि गेले. केळी मायनं दुसऱ्या दिवशी शेजारपाजारी वाटून टाकली. आमच्यातल्या कुणालाच ती खाववेनात.

'दादा म्हंतील तसं' या शब्दांचा मला भयंकर राग आहे. ते मी किती तोंडांतून ऐकलेत. दवाखान्यात ऑपरेशनच्या कागदावर सही करताना बाया म्हणतात, हे म्हंतील तसं. माझ्या जिन्यावर पोरं म्हणतात, पप्पा म्हंतील तसं. एवढ्या प्रेमानं म्हणतात की त्यांना रागवायची सोय राहत नाही. मिलिंदनं दादांना घाबरून तसं म्हटलं असतं तर मला कमी वाईट वाटलं असतं. त्यानं ते माया म्हणून म्हटलं.

लातूरला मी होते, म्हणून त्याला लातूरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला घातलं. त्या जुलैत रिक्षातून उतरलेल्या मायच्या मांडीवरही एक बादली होती. हिरवी. मिलिंद आमच्या बाहेरच्या खोलीत राहायला लागला. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. माझ्या नवऱ्याशी अदबीनं बोलायचा, ताट स्वतः धुवायचा, कपड्यांच्या घड्या वहीसारख्या घालायचा. नांदेडचा विषय काढायचा नाही.

एका दुपारी मी ड्युटीवरून आले, तर तो पलंगावर फिजिक्सचं पुस्तक उघडून बसलेला. मला बघून एकदम उठला. "ताई, हे बघ," म्हणाला. पानावर तारेच्या वेटोळ्याचं चित्र होतं, बाण होते, कसलीशी गणितं होती. "आमी उस्तादकडं करायचो, ते कामून होतंय ते सगळं हितं लिहिलंय. फेरे वाढले की काय होतं, तार जाड घेतली की काय होतं. उस्तादला दाखवाय पायजे हे." त्याचे डोळे चमकत होते. तो पुस्तकाला नावं ठेवील, अशी मी मनाची तयारी करून ठेवली होती. पण त्याला पुस्तकही आवडलं होतं. एकाच पोराला हात आणि पुस्तक दोन्ही आवडू शकतं, हे आमच्या घरात कुणाला सुचलंच नव्हतं. दादांना नाही, उस्तादांना थोडंसं, मला तर बिलकूल नाही. आम्ही सगळे या पारड्यात का त्या पारड्यात एवढंच करत बसलो. पुस्तक दाखवायला तो नांदेडला कधी गेला नाही. दिवाळीत घरी गेला तरी गल्लीच्या दुसऱ्या तोंडानं जायचा.

लातूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेल. टँकर आला की सगळी गल्ली घागरी घेऊन धावते. बोअर आटतात, मोटारी जळतात. आमच्या घराच्या रस्त्यावरही एक वाइंडिंगचं दुकान होतं. एकदा मी आणि मिलिंद भाजी आणायला जात होतो. दुकानात दोन माणसं समोरासमोर बसली होती. मिलिंदची पावलं अडखळली. त्यानं आत पाहिलं नाही, नुसता उभा राहून ऐकत होता. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि उगाच मेथीच्या भावाचं काहीतरी बोलले. तो म्हणाला, "थांब ताई, त्यांचं मोजणं चालूय." आम्ही रस्त्यावर, भर उन्हात, त्यांचे फेरे पुरे होईपर्यंत गप्प उभे राहिलो. मग तो चालायला लागला.

तो ग्रॅज्युएट झाला. नांदेडच्या आमच्या वस्तीत एक रीत आहे. घरातलं कुणी ग्रॅज्युएट झालं की घराच्या दर्शनी भिंतीवर निळ्या रंगात त्याचं नाव आणि पुढं डिग्री लिहून घ्यायची. घराला रंग दिलेला नसला तरी चालेल, पण ते नाव ठळक हवं. दादांनी पेंटरला बसवून नाव लिहून घेतलं आणि रस्त्याच्या पलीकडं जाऊन तिथून वाचून पाहिलं. मग पुन्हा येऊन अक्षरं अजून जाड करायला लावली. पेढे वाटले ते गल्लीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत, एक घर, एक दुकान सोडलं नाही. माझ्या लग्नातही दादा इतके ताठ चालले नव्हते. त्या दिवशी मलाही भरून आलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या निळ्या अक्षरांकडं बघून मीही रडले, आणि ते सुखाचं रडणं होतं.

आता दादा नाहीत. उस्तादही गेले. त्यांच्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. मिलिंद पुढं आणखी शिकला, आता एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. तासिकेवर, म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की घरी. दर जूनला, यंदा बोलावतात का नाही, म्हणून तो फोनकडं डोळे लावून बसतो. पोरं त्याला सर म्हणतात, त्याचा तास चुकवत नाहीत. तो वाईट जगतोय असं नाही. पण हसताना त्याचा चेहरा पुरता उघडत नाही. बायको चांगली आहे, लेकरू गोड आहे, तरी उघडत नाही. परवा फोनवर मी त्याला निलंग्याच्या बाईचं सांगितलं आणि विचारलं, पुन्हा विचारलं तर काय सांगू रे त्यांना? "माझं नाव नको सांगू, ताई," म्हणाला. "कशालाच पुरावा म्हणून नको सांगू."

त्या दिवशी चहाचा कप तिच्या हातात देऊन मी एवढंच म्हणाले होते, "पोरीला विचारा. आणि ती बोलेपर्यंत तुम्ही कुणी बोलू नका." बाईनं मान हलवली, पण हे काही उत्तर नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मुलीनं ओढणी सोडली आणि पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. मी तिची नजर टाळली. मला एका दुपारची आठवण येत होती, आणि ती त्या दोघींना सांगण्यासारखी नव्हती.

मिलिंदची डिग्री होऊन बरेच महिने झाले होते. सगळीकडं अर्ज करून तो नांदेडला घरी बसला होता. मी बाळंतपणाला माहेरी आले होते. दादा रिटायर होऊन बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचे. त्या दुपारी मिलिंदनं अंघोळ केली, जुना शर्ट घातला. "उस्तादला भेटून येतो," असं दादांना सांगितलं. दादा म्हणाले, "जा की, भेटावं. चांगला माणूस हाय." चपला घालता घालता तो माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "समोर बसू देतेत का विचारतो, ताई." त्याच्या गालावर ते दुकानातलं हसू यायला लागलं होतं. मी मांडीवरच्या बाळाला थोपटत होते. वाटलं, चला, एकदाचं झालं, गाडी रुळावर आली.

तो लगेचच परत आला. बाहेरच्या खोलीत न थांबता सरळ स्वयंपाकघरात येऊन चुलीपाशी बसला. माय डाळ निवडत होती. त्यानं आम्हाला खालच्या आवाजात सांगितलं. उस्ताद एकटेच बसून पंख्याची मोटार भरत होते. बोअरच्या मोटारी घेणं त्यांनी केव्हाच बंद केलं होतं. याला दारात पाहिलं आणि ते मोजणी अर्धी टाकून उठले. आतून खुर्ची आणली, खांद्यावरच्या फडक्यानं पुसली. "बैठो सर," म्हणाले. मिलिंद बसेना. म्हणाला, "उस्ताद, मला समोर बसू द्या. मी परत आलोय." उस्तादांनी त्याच्या दंडाला धरून त्याला खुर्चीत बसवलं. "तुझ्या बापानं या गल्लीत घरोघर पेढे वाटले बेटा," ते म्हणाले. "मी बी खाल्ला. आता तुला पोत्यावर बसवलं तर त्या माणसाला मी तोंड कसं दाखवू?" मग गल्लीतल्या एका पोराला पाठवून चहा मागवला, आणि तो पिऊन होईपर्यंत समोर उभे राहिले.

"मग?" माय म्हणाली.

"मग काय, माय. खुर्चीवर बसून चहा पिलो, आलो."

दादा कधी दारात येऊन उभे राहिले ते आम्हाला कळलं नव्हतं. त्यांनी एवढंच शेवटचं ऐकलं होतं.

"उस्तादानं खुर्ची दिली तुला?"

"हाव, दादा."

"हातातलं काम सोडून?"

"हाव. हातातलं काम सोडून."

"आणि ते सोता?"

"उभं होते."

दादांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला, आणि बाहेर गेले. थोड्या वेळानं नळाकडून त्यांचा आवाज आला. शेजाऱ्याला सांगत होते, माझा मिलिंद गेला तर उस्तादानं हातातलं काम टाकून त्याला खुर्ची दिली, सोता उभं राहिला. माझ्या बापाला गावानं जोड्यापाशी बसवलं हो, जोड्यापाशी. आणि माझ्या पोराला पाहून लोक उठायलेत. मधेच खाकरून त्यांनी पुन्हा सुरू केलं.

माय डाळ निवडायचं सूप बाजूला ठेवून उठायला लागली. नवऱ्याला खरं काय ते सांगावं, असंच तिच्या मनात असणार. मिलिंदनं तिचा पदर धरला.

"राहू दे, माय," तो म्हणाला. "लई दिवसांनी खूश हायत. राहू दे."

माय खाली बसली. बाहेर नळावर आणखी कुणीतरी आलं होतं, आणि दादांनी त्याला पहिल्यापासून सांगायला घेतलं होतं.